नाशिकची ‘वाइन टूर आणि पब क्रॉल’: ४४,१५० रुपये कसे गेले, ते नीट वाचा

पब क्रॉल म्हणजे एका संध्याकाळी एकामागून एक बार फिरणं. आधी हिशोब. सहा जणांचं पॅकेज, माणशी २,४९९, म्हणजे १४,९९४. ‘रिफंडेबल डिपॉझिट’ माणशी १,०००, ते ६,०००. वाटेत घेतलेली वाइनची एक बाटली १,४५०. क्लबचं बिल २०,७४६. गाडीवाला आम्हाला तिथेच सोडून गेल्यावर रात्री घरी यायला दोन कॅब, ९६०. एकूण ४४,१५०. आजपर्यंत यातला एक रुपया परत आलेला नाही.

दोन महिने कुणाला सांगितलं नाही, कारण लाज वाटत होती. मी नाशिककर आहे. गंगापूर रोडवर रोजची ये-जा आहे. त्याहून वाईट म्हणजे हॉटेलच्या बिलिंग काउंटरवर सहा वर्षं काढली आहेत. केओटी (ऑर्डरची चिठ्ठी) म्हणजे काय, टेबल कुणाच्या नावावर उघडतं, दारूवर व्हॅट किती लागतो, सगळं पाठ आहे. तरी फसलो. पुण्याहून मेहुणा आणि त्याचे चार मित्र आले होते. ‘दाजी, तुम्ही फक्त सोबत चला’ म्हणाला आणि जाहिरात मीच शोधून दिली.

गाइडवाली टूर का घेतली, असं घरच्यांनी शंभर वेळा विचारलं. स्वतःची गाडी नेली असती तर परत येताना ती चालवणार कोण? पिऊन गाडी चालवताना पकडलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गाडीसकट पॅकेज घेण्याचा विचार चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणतो. पैसे कुणाच्या हातात देतोय हे बघितलं नाही, तिथे चुकलो.

जाहिरात अशी होती: दिंडोरी, गंगापूर आणि इगतपुरी ‘सर्किट’, चार ठिकाणं, पाच वाइन, प्रत्येक ठिकाणी एक ड्रिंक, अनलिमिटेड स्टार्टर, पिकअप-ड्रॉप. वेळ दुपारी ४ ते रात्री ११. नाशिकचा माणूस हे वाचून तिथेच थांबायला हवा होता. दिंडोरी शहराच्या उत्तरेला पंचवीसेक किलोमीटर, इगतपुरी मुंबईच्या वाटेवर पंचेचाळीसेक किलोमीटर, आणि वायनरीतल्या वाइन चाखायच्या खोल्या, टेस्टिंग रूम, काही रात्रभर उघड्या नसतात. एका संध्याकाळी हे तिन्ही होऊच शकत नाही. बाहेरगावच्या माणसाला ते कळणार नाही, आणि जाहिरात त्याच्यासाठीच असते.

अर्धे पैसे आधी, अर्धे गाडीत बसताना, दोन्ही वेळा क्यूआर कोडवर. पिन टाकण्याआधी स्क्रीनवर ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचं नाव येतं. टूरचं नाव एक होतं आणि स्क्रीनवर भलत्याच कुठल्या तरी मोबाइल शॉपीचं नाव होतं. मी विचारलं, तर ‘सर, भावाचं करंट अकाउंट आहे, लिमिटमुळे’ असं उत्तर मिळालं. इथून पुढे लक्षात ठेवा: टूरवाल्याचं नाव आणि खात्याचं नाव जुळत नसेल तर पैसे देऊ नका. ‘डिपॉझिट’ हा शब्द आला तर अजिबात देऊ नका. एका संध्याकाळच्या टूरला डिपॉझिट कशासाठी लागतं?

गाडीत प्रत्येकाच्या हातात जांभळा कागदी बँड बांधला आणि सहाही मनगटं एकत्र धरायला लावून फोटो काढला. गाडीची पाटी पांढरी होती. पांढरी पाटी म्हणजे खासगी गाडी, भाड्याने माणसं न्यायला परवाना नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते, त्यावर काळे आकडे असतात. एवढं तरी बसण्याआधी बघा.

पहिलं ठिकाण खरी वायनरी होती, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण गाइडने तिथे काय केलं? सरळ काउंटरवर जाऊन साधी टेस्टिंगची तिकिटं काढली, जी तुम्ही-आम्ही कुणीही काढू शकतो. पाच वाइन ऐकायला खूप वाटतं. टेस्टिंगचा एक घोट साधारण ३० मिली धरा, पाच झाले १५० मिली, म्हणजे एक ग्लास. ७५० मिलीच्या बाटलीत असे पाच ग्लास निघतात. थोडक्यात, सहा जणांना मिळून एका बाटलीपेक्षा थोडीच जास्त वाइन पाजली. वायनरी बघायची असेल तर त्यांच्याकडेच थेट बुकिंग करा. जानेवारी ते मार्च द्राक्षतोडणीचा हंगाम असतो, तेव्हा द्राक्षं चिरडतात ते क्रशिंगही बघायला मिळतं. मध्ये माणूस कशाला हवा?

दुसरं ठिकाण ‘बुटीक वायनरी’. पत्र्याची शेड, बाहेर दोन वेली, आत टेबलावर बाटल्या. स्टीलची टाकी नाही, प्रेस नाही, पिंपं नाहीत. जिथे वाइन बनते तिथे आंबूस वास येतोच, इथे रंगाचा वास येत होता. मेहुण्याच्या मित्राने एक बाटली घेतली, १,४५० रुपये. घरी आल्यावर उजेडात धरून पाहिली, तर मागच्या लेबलवर एमआरपीच्या जागी नखाने किंवा ब्लेडने खरवडलेलं होतं, कागदाचा पांढरा लगदा वर आलेला. तीच बाटली कॉलेज रोडच्या दुकानात ८९५ ला मिळते. बाटली हातात घेतली की आधी मागची बाजू बघा. एमआरपीपेक्षा जास्त घेणं हा गुन्हा आहे आणि परवान्याशिवाय शेडमध्ये बाटल्या विकणं हा त्याहून मोठा गुन्हा आहे.

तिसरं ठिकाण ‘आज प्रायव्हेट पार्टीमुळे बंद’. गाडी सरळ क्लबवर नेली. पावणेदहा वाजले होते.

आता ती वेळ, जी मला अजून झोपू देत नाही. दारात कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुख्य, आला आणि म्हणाला, ‘साहेब, टेबल कुणाच्या नावाने लावू?’ गाइडने माझ्याकडे हात केला. ‘साहेबांच्याच नावाने लाव.’ आणि मी नाव सांगितलं.

काउंटरवर बसलेल्या माणसाला याचा अर्थ कळतो. आयोजक ग्रुप घेऊन आला की टेबल आयोजकाच्या नावावर उघडतं आणि बिल त्याला जातं. पाहुण्याच्या नावाने टेबल उघडलं, म्हणजे पॅकेज दाराबाहेरच संपलं. आत बसतोय तो साधं गिऱ्हाईक. सहा वर्षं मी स्वतः हेच करत होतो. त्या एका क्षणी म्हणायला हवं होतं की टेबल तुझ्या नावाने लाव. त्याने लावलं नसतं, आम्ही बाहेर पडलो असतो आणि निदान वीस हजार वाचले असते. पण आवाज मोठा, पाहुणे सोबत, त्यातले तिघे पहिल्यांदाच भेटलेले. पाहुण्यांसमोर पैशाची चौकशी करायला जीभ रेटत नाही. मेनूकार्ड मागितलं, तर गाइड म्हणाला, ‘सर, सगळं पॅकेजमध्ये आहे, फक्त सांगा.’ मग मेनूकार्ड आलंच नाही. दहा मिनिटांनी गाइड ‘दुसरी गाडी बघून येतो’ म्हणून गेला. त्यानंतर त्याचा फोन बंद.

बिल आलं, ते असं. एंट्री सहा जणांची, ५०० प्रमाणे ३,०००. व्हिस्की ६० मिली, १८ पेग, ४५० प्रमाणे ८,१००. बिअर ६, ३८० प्रमाणे २,२८०. प्लॅटर ४, ६९० प्रमाणे २,७६०. पाणी ६, १२० प्रमाणे ७२०. सोडा आणि कोल्ड ड्रिंक ८, १४० प्रमाणे १,१२०. दारूवर १० टक्के व्हॅट १,०३८, खाण्यावर ५ टक्के जीएसटी २३०, सर्व्हिस चार्ज १० टक्के १,४९८. एकूण २०,७४६.

दारू आणि खाण्यावरच्या करांचे दर कागदावर बरोबर होते, म्हणूनच बिल खरं वाटतं. खोटं आहे ते वरच्या ओळींत. आमच्यात व्हिस्की घेणारे चार, बिअरवाला एक, आणि मी काहीच घेतलं नाही. १८ पेग म्हणजे १,०८० मिली, जवळजवळ दीड बाटली, चार माणसांनी पन्नास मिनिटांत? आमच्या मोजणीने आठ पेग झाले होते. आणि एकट्या पोराने सहा बिअर प्यायल्या? मी केओटी मागितल्या. प्रत्येक ऑर्डरची चिठ्ठी निघते, त्यावर वेळ असते, टेबल नंबर असतो. बिलाशी जुळवली की दोन मिनिटांत खरं-खोटं कळतं. कॅप्टन म्हणाला, सिस्टम डाऊन आहे. कागदाच्या डोक्यावर ‘एस्टिमेट’ छापलेलं. जीएसटी नंबर नाही, बिल नंबर नाही, खाण्याच्या परवान्याचा चौदा आकडी नंबर नाही. असा कागद हातात आला तर फोटो काढा आणि पक्कं बिल मागा, त्याआधी पैसे देऊ नका. सर्व्हिस चार्ज तर आपोआप लावताच येत नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं सांगितलंय आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. हे मी तिथे म्हणालो. मॅनेजर नुसता हसला.

मग दोन बाउन्सर दाराजवळ उभे राहिले. हात कुणी लावला नाही. मॅनेजर शांतपणे म्हणाला, ‘पोलीस बोलवा ना. आधी तुमचीच दारू पिण्याची परमिट विचारतील. आणि हा पोरगा पंचवीसच्या आतला दिसतोय.’ मेहुण्याचा तो मित्र तेवीस वर्षांचा. तो पांढराफटक पडला, आणि मी पैसे दिले. भित्रा म्हणायचं तर म्हणा, पण दुसऱ्याच्या पोराला चौकीवर न्यायची वेळ आली असती तर तुम्ही काय केलं असतं?

बाहेर आल्यावर आठवलं की तो मुलगा फक्त बिअर प्यायला होता. महाराष्ट्रात बिअरला वय २१ लागतं, कडक दारूला २५. धमकी पोकळ होती. परमिटचं म्हणाल तर एका दिवसाचं विदेशी मद्याचं परमिट पाच रुपयांना मिळतं. बारमध्ये मागून घ्या आणि खिशात ठेवा. पाच रुपयांच्या कागदासाठी हे लोक हजारो रुपये उकळतात.

आता सरकारी दारांबद्दल. रात्रीच ११२ लावला. आलेले पोलीस म्हणाले, बिलाचा वाद आहे, सिव्हिल मॅटर. दुसऱ्या दिवशी शहरातल्या ठाण्यात गेलो. क्लब शहराच्या हद्दीबाहेर आहे, ग्रामीणला जा. ग्रामीणच्या ठाण्यात गेलो. पैसे तुम्ही शहरात बसून पाठवले, ऑनलाइन आहे, सायबरला जा. सायबरला गेलो. पिन तुम्हीच टाकला ना, मग फ्रॉड कसला? तीन दारं, प्रत्येकाकडे पुढच्याचा पत्ता, आणि प्रत्येक ठिकाणी बाकावर दीड-दोन तास. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यायची. ‘झिरो एफआयआर’ म्हणतात ते हेच. मी छापील कलम पुढे ठेवलं, तर साहेबांनी कागद न उचलता विचारलं, तुम्ही वकील आहात का? मी वकील नाही. माझे पैसे गेले आहेत. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे, ते कुणाच्या उपयोगासाठी आहे? बँकेने ‘व्यवहार तुमच्या संमतीने झाला’ असं दोन ओळींत लिहून दिलं. दारूच्या खात्याच्या कचेरीत खरवडलेलं लेबल दाखवलं, तर बाटली घेतल्याची पावती मागितली. शेडमध्ये पावती देणारा असता तर बाटली खरवडलेली का असती?

माझीही एक चूक आहे, ती तुम्ही करू नका. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन मी चौथ्या दिवशी केला. तो पहिल्या तासात करायचा असतो, तोवर पैसे समोरच्या खात्यात असतात आणि गोठवता येतात. चौथ्या दिवशी खातं रिकामं होतं. फोन करताना यूपीआयचा बारा आकडी यूटीआर नंबर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, हाताशी ठेवा, त्याशिवाय तक्रार पुढे सरकत नाही. अर्ज कुठेही द्या, पण दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथे निदान ऐकून घेतात. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेला फी लागत नाही आणि तक्रार ऑनलाइन भरता येते. मी भरली आहे. एस्टिमेटचे, पैसे गेल्याचे, सगळे फोटो आणि स्क्रीनशॉट जोडले आहेत.

परवा इन्स्टाग्रामवर तीच टूर पुन्हा दिसली. नाव नवं, नंबर नवा, दर २,७९९. जाहिरातीत जांभळे बँड बांधलेली सहा मनगटं आहेत. डावीकडून दुसऱ्या मनगटावर काळा दोरा आणि स्टीलचं घड्याळ आहे, काच कोपऱ्यात तडकलेली. ते घड्याळ माझं आहे. हा फोटो कुठे दिसला तर त्या क्यूआर कोडवर पैसे पाठवू नका, आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट मला पाठवा, तक्रारीला जोडायचा आहे.