फ्लेम स्कॅलॉपसाठी लाइव्ह फायटोची बाटली: ११ महिने वापरून झाल्यावर

पाचपैकी तीन स्टार. खरं तर बाटलीतल्या मालाला चार आणि बाटलीवरच्या लेबलला दोन, मग मधलं काय ते धरा. ब्रँडचं नाव लिहीत नाहीये कारण तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्या वापरून झाल्यात आणि मुद्दा नावाचा नाहीच, आत काय आहे आणि ते आपण कसं देतो याचा आहे. प्रॉडक्ट म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमधल्या प्राण्यांना द्यायचं जिवंत फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शैवाल), फ्रिजमध्ये ठेवायचं हिरवंगार पाणी, लेबलवर चार जातींचं मिश्रण: नॅनोक्लोरॉप्सिस, टेट्रासेल्मिस, आयसोक्रायसिस आणि थॅलॅसिओसिरा. आणि खाली बारीक अक्षरात "कोरल, शिंपले, स्कॅलॉप सगळ्यांसाठी". त्या "सगळ्यांसाठी"वर माझा राग आहे, सांगते पुढे.

आधी खाणारी कोण ते. फ्लेम स्कॅलॉप, लालभडक, काठाला लाल-पांढऱ्या मिशा, दगडाच्या फटीत धागे चिकटवून बसते आणि मूड आला की शिंपला फटफट उघडझाप करत पोहत दुसरीकडे जाते. नाव स्कॅलॉप असलं तरी खऱ्या स्कॅलॉपच्या कुळातली नाही, ही फाइल क्लॅम, कॅरिबियनमधली टेनॉइडीस स्केबर. (इंडो-पॅसिफिकमधली हिची बहीण टेनॉइडीस एलिस, तिच्या ओठांवर वीज चमकल्यासारखी दिसते म्हणून तिला डिस्को क्लॅम म्हणतात. लोकांना वाटतं ती स्वतः प्रकाश देते पण तसं नाही, ओठाच्या एका बाजूला सिलिकाचे अतिसूक्ष्म गोळे असतात ते बाहेरचा प्रकाश परत फेकतात, २०१४ साली यावर पेपर आलाय. विषय निघाला म्हणून सांगितलं.)

दुकानात या सगळ्यांना "सोप्या" म्हणून विकतात. टँकमध्ये ठेवा, काही करावं लागत नाही. ट्रायडॅक्ना या मोठ्या क्लॅमच्या बाबतीत त्यात थोडं तरी तथ्य आहे, तिच्या मांसात शैवाल राहतं आणि लाइटवर तिचं बरंच भागतं. फ्लेम स्कॅलॉपकडे असलं काही नाही. लाइट तिला नकोच असतो, ती सावलीत पळते. तिला पाण्यात तरंगणारं अन्न लागतं, दिवसरात्र, आणि आपले टँक तर काचेसारखे स्वच्छ ठेवायच्या नादात असतो आपण! म्हणजे उपाशी मारायची सगळी सोय आपणच करून ठेवलेली.

माझी पहिली पाच महिन्यांत गेली. शेवटच्या आठवड्यापर्यंत मस्त दिसत होती हो, मिशा बाहेर, रंग तोच. मग दोन दिवस शिंपला जरा जास्तच उघडा, बोट जवळ नेलं तरी बंद करायला वेळ लावायला लागली, आणि तिसऱ्या दिवशी खेळ खलास. आत पाहिलं तर मांस इतकंसं उरलेलं. पाण्यात दोष नव्हता, सॅलिनिटी ३५, तापमान २५, अल्कलिनिटी साडेआठ, कॅल्शियम ४३०. पाच महिने ती स्वतःलाच खात होती आणि मी लेबलवर लिहिलंय तसं एक दिवसाआड दोन झाकणं ओतून समाधानात होते.

तेव्हापासून बाटलीवर विश्वास ठेवायचा बंद केला आणि मायक्रोस्कोप काढला, साधा शाळेतला ४०० पटीचा. हे प्रत्येकाने एकदा करून बघा. पहिल्या कंपनीच्या बाटलीचा थेंब बघितला तर नुसते ठिपके, जागच्या जागी थरथरणारे, म्हणजे जवळपास सगळं नॅनोक्लोरॉप्सिस. ते दोन-तीन मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतं आणि पेशीची भिंत जाड. स्वस्तात पटकन वाढतं म्हणून बाटल्यांमध्ये तेच भरतात. पण शिंपलेवाल्या प्राण्यांच्या कल्ल्यांची चाळणी इतकं बारीक नीट पकडत नाही, बरंचसं आरपार जातं. म्हणजे पाणी हिरवं दिसतंय, आपल्याला वाटतंय जेवण वाढलं, आणि ताटात भुसा. दुसऱ्या कंपनीची बाटली मृत पेशींचं कॉन्सन्ट्रेट होती, तिच्याबद्दल खाली. ही तिसरी, जिचा रिव्ह्यू लिहितेय, हिच्या थेंबात मात्र टेट्रासेल्मिस पळताना दिसल्या, चार शेपट्यांच्या, गोल गोल गिरक्या घेत, शिवाय तपकिरी आयसोक्रायसिस आणि डब्यासारखे चौकोनी दिसणारे थॅलॅसिओसिरा. लेबलवर लिहिलंय ते आत आहे, यासाठीच पहिला स्टार. मिश्रण असणं महत्त्वाचं कारण ईपीए आणि डीएचए या दोन ओमेगा-३ चरब्यांपैकी नॅनोक्लोरॉप्सिसमध्ये ईपीए भरपूर पण डीएचए जवळजवळ नाही, ते आयसोक्रायसिसमध्ये मिळतं, हॅचरीवालेसुद्धा शिंपल्यांना एकाच जातीवर वाढवत नाहीत.

आता डोस. लेबलचा डोस कोरलवाल्यांसाठी आहे, सरळ सांगते. माझा टँक २०० लिटरचा. संध्याकाळी एकदम ओतलं की पाणी हिरवट होतं आणि झोपायच्या आत परत स्वच्छ, कारण खडकातले स्पंज, ट्यूबवर्म (नळीत राहणारे किडे), स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) सगळेच ताव मारतात. मग पुढचे पावणेदोन दिवस बाईंचा उपास. समुद्रात असं एकदा ताट आणि मग दोन दिवस काही नाही असं नसतं ना, थोडं थोडं सतत येत राहतं. म्हणून दुसऱ्या स्कॅलॉपच्या वेळी डोसिंग पंप लावला. रोज सकाळी बाटली हलवून दिवसाचा कोटा, म्हणजे ६० मिली, छोट्या डब्यात काढते, त्यात एअर पंपाची बारीक नळी सोडलेली म्हणजे पेशी तळाला बसत नाहीत, आणि पंप दर तासाला तीन मिली सोडतो, २० तास. उरलेले चार तास रात्री डोसिंग बंद आणि तेव्हाच स्किमर चालू. यूव्ही (पाण्यातले सूक्ष्म जीव मारणारा दिवा) कायमचा काढून टाकला, फायटो देऊन यूव्ही चालू ठेवणं म्हणजे एका हाताने वाढून दुसऱ्या हाताने उचलणं. फिल्टर सॉक काढा असं सगळे सांगतात, मी काढला नाही, २०० मायक्रॉनच्या कापडातून दहा मायक्रॉनची पेशी आरामात जाते, फक्त दोन-तीन दिवसांनी बदलते. डबा दर दुसऱ्या दिवशी गरम पाण्याने धुवावा लागतो नाहीतर कडेला बुळबुळीत थर येतो, हे काम कंटाळवाणं आहे आणि ते मी कधीकधी टाळते, खोटं कशाला बोलू.

पिपेटने थेट तोंडाशी द्यायचं तेही करून पाहिलं. धार लागली की ती फाटकन बंद होते आणि दहा मिनिटं उघडत नाही, तोवर ते अन्न पलीकडे. जरा वरच्या अंगाला, प्रवाहाच्या दिशेने अलगद सोडलं तर चालतं, पण ते रोज सहा वेळा कोण करणार. आणि एकदा मी अतिउत्साहात दुप्पट-तिप्पट दिलं तर तिच्या शिंपल्यातून हिरवट चिकट धागे बाहेर पडायला लागले. मला वाटलं वा, पचतंय! ते शी नव्हतं, न गिळता चिकट द्रवात गुंडाळून परत फेकलेलं अन्न होतं. पाणी फार दाट झालं किंवा माल नको असला की शिंपलेवाले असंच करतात. ते दिसलं की डोस कमी करायचा, एवढं साधं मीटर तिने स्वतःच दिलंय, लेबलवर मात्र याबद्दल एक ओळ नाही.

वजन तर करता येत नाही, मग ती खातेय हे कळणार कसं? मी शिंपल्याची कड बघते. नवी वाढ होत असेल तर काठाला पातळ, फिकट, जवळजवळ पारदर्शक पट्टी दिसते. पहिलीला ती पाच महिन्यांत कधीच दिसली नव्हती. दुसरीला ड्रिप सुरू केल्यावर साधारण सातव्या आठवड्यात दिसली आणि मी टँकसमोर फरशीवर बसून टॉर्च मारून अर्धा तास बघत होते, घरच्यांना वाटलं काहीतरी मेलं.

तोटे. फॉस्फेट! ०.०४ वरून दोन महिन्यांत ०.१५ वर गेलं. बाटलीत पेशींसोबत थोडं खताचं पाणीही येतं आणि न खाल्लेलं सडतं ते वेगळं. सम्पमध्ये (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीत) कीटोमॉर्फा हे शैवाल लावलं, दर आठवड्याला पाणी बदलायला लागले तेव्हा ०.०८ च्या आसपास थांबलंय. काचेवर हिरवा थर रोज. नाजूक एसपीएसवाल्यांनी (बारीक पॉलिपांची कडक कोरल पाळणाऱ्यांनी) आधी विचार करा. नवीन टँकवाल्यांनी तर नकोच, सतत अन्न ओतायचं तर ते पचवणारा जुना मुरलेला टँक हवा, नाहीतर अमोनिया ठरलेला.

टिकण्याबद्दलही तक्रार आहे. तारीख बरीच पुढची छापलेली असते पण मी दर आठवड्याला थेंब बघत होते, पाचव्या-सहाव्या आठवड्यानंतर पळणाऱ्या टेट्रासेल्मिस मोजक्याच राहतात. रोज हलवली नाही तर त्याहून लवकर. त्यामुळे मोठी बाटली परवडते वगैरे हिशोब फसवा आहे, छोटी घ्या. ताज्या बाटलीला गवत आणि समुद्र यांच्या मधला वास येतो, सडक्या अंड्यासारखा आला तर बिनदिक्कत सिंकमध्ये, टँकमध्ये नाही. एक बाटली मला कोमट होऊन आली होती, विकणाऱ्याने "चालतं हो" म्हणून हात वर केले, चालत नव्हतं, वासच आला. आणि फ्रिजमध्ये ठेवाल तर वर मोठ्या अक्षरात लिहा, आमच्याकडे एकदा ग्लासात ओतलं गेलं होतं, तोंडाला लागायच्या आत मी ओरडले.

मृत कॉन्सन्ट्रेटबद्दल लोक विचारतात. वाईट नाही, दाट असतं, जास्त टिकतं, थोडंसं पुरतं. पण जिवंत पेशी खाल्ली गेली नाही तर तरंगत राहते, मेलेली तासाभरात तळाला बसून घाण होते, म्हणून सतत ड्रिपला मला जिवंतच बरं वाटलं. सुकी पावडर मात्र स्कॅलॉपला देऊ नका, कितीही ढवळली तरी गुठळ्या राहतात आणि त्या गुठळ्या ती परत फेकते.

बाटली चांगली असली तरी ट्रिगर, पफर, मोठे रॅस असले मासे किंवा भुकेला हर्मिट क्रॅब असेल तर काही उपयोग नाही, ते तिला फटीतही संपवतील. कॉपरचं औषध कधी त्या टँकमध्ये पडलं असेल तरी नको. वेव्हमेकरला (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाला) जाळी लावा, ती पोहते तेव्हा कुठे आदळेल सांगता येत नाही. आणि खरे, डोळ्यांची रांग असलेले थंड पाण्यातले स्कॅलॉप पाळायचे असतील तर बाटलीच्या आधी चिलरचा विचार करा.

माझी दुसरी आता अकरा महिन्यांची जुनी आहे टँकमध्ये, मागच्या खडकाच्या फटीत, समोरून फक्त मिशांची टोकं दिसतात. बाटली मी परत मागवलीये, छोटी. तिसरी स्कॅलॉप मात्र आणणार नाही, ही गेली की पंप ट्यूबवर्मांसाठी चालू ठेवेन पण दिवसाला २० मिलीवर.