टिगोर ईव्ही, घोडबंदर रोड आणि सोसायटीचा प्लग

उन्हाळा, पावसाळा आणि गणपती, तिन्ही पार पडल्याशिवाय गाडीबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. आता टाटा टिगोर ईव्ही या इलेक्ट्रिक सेडानचं ते सगळं झालंय. रोजचा रस्ता ठाण्यातलं कासारवडवली, माजिवडा, कळवा पूल, विटावा, ऐरोली आणि पुढे ठाणे-बेलापूर रोडने महापे. ज्यांनी हा रस्ता सकाळी नऊला केलाय त्यांना वेगळं काही सांगायला नको.

सगळे एसयूव्ही घेताना सेडान का, हा पहिला प्रश्न. उत्तर आमच्या इमारतीच्या स्टॅक पार्किंगमध्ये, म्हणजे एकावर एक गाड्या ठेवायच्या यांत्रिक पार्किंगमध्ये आहे. खालच्या कप्प्यात उंच गाडी शिरतच नाही. टिगोरची उंची १५३२ मिमी, ती बसते. शोरूममध्ये रंग आणि सनरूफ बघणाऱ्यांनी आधी आपल्या पार्किंगची उंची टेपने मोजावी.

लांबीची गोष्ट मात्र गमतीची आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या, छोट्या इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि शेपूट छाटलेल्या सेडान खास आपल्या बाजारासाठी जन्माला आल्या. टिगोर त्यातलीच, ३९९३ मिमी. पण इलेक्ट्रिक गाडीवर २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे, लांबी कितीही असो. म्हणजे ज्या नियमापायी ही गाडी आखडली, त्याचा हिला काडीचा फायदा नाही! वर बॅटरीने जागा खाल्ली. पेट्रोल टिगोरची डिकी ४१९ लिटर, हिची ३१६, आणि स्टेपनीही त्यातच. गणपतीला गावी निघताना मखराचं सामान, दोन बॅगा आणि आईचा पत्र्याचा डबा एवढ्यात डिकी संपली. उरलेलं मागच्या सीटवर, पोरांच्या पायाशी. सेडान म्हणून डिकीसाठी घेत असाल तर घेऊ नका.

एका चार्जमधली रेंज कागदावर ३१५ किमी. एसी चालू ठेवून मला शहरात दोनशेच्या आसपास मिळते, मे महिन्यात त्याहून कमी. २६ किलोवॅट-तासांच्या बॅटरीकडून याहून जास्त अपेक्षा मीही ठेवली नव्हती. माझ्या येण्याजाण्याला ती पुरून उरते. कापूरबावडीला अडकलो तर गाडी उभी असताना खर्च जवळजवळ एसीचाच, त्यामुळे ट्रॅफिकची धास्ती गेली. उलट रिकाम्या रस्त्यावर शंभरच्या पुढे गेलं की बॅटरीचे टक्के भराभर उतरतात. पुण्याला जाताना खालापूर सोडून घाट लागला की आकड्याकडे बघू नये. परतताना तोच घाट थोडे टक्के परत देतो, रीजेन (वेग कमी होताना मोटरनेच बॅटरी भरण्याची सोय) वरच्या पातळीवर ठेवलं तर ब्रेकवर पाय फारसा जात नाही.

आता खरा विषय, चार्जिंग. स्टॅकच्या हलणाऱ्या पॅलेटवर सॉकेट लावता येत नाही, म्हणून जमिनीवर पार्किंग असलेल्या एका काकांशी जागा बदलून घेतली. मग सोसायटीची कमिटी. "अहो, उद्या सगळ्यांनी मागितलं तर लोड कुठून आणायचा?" आणि "आग लागली तर जबाबदार कोण?" हे दोन प्रश्न प्रत्येक मीटिंगमध्ये. पहिला प्रश्न रास्त आहे, तो मी मान्य करतो. घरच्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते हे केंद्राच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलंय, त्याची प्रत सेक्रेटरींना दिली. तरी गाडं हललं ते महावितरणच्या वेगळ्या मीटरची गोष्ट निघाल्यावर. बिल माझ्या नावावर, वायर माझ्या खर्चाने, आणि ईव्ही चार्जिंगचा दर वेगळा असल्याने घरच्या बिलाचा स्लॅबही चढत नाही. हे होईपर्यंत नाक्यावरच्या एका सार्वजनिक चार्जरवर दिवस काढले. कधी ॲप पैसे घेई पण चार्जिंग सुरू होत नसे, कधी तिथे पेट्रोलची गाडी आरामात उभी. आता रात्री १५ अँपिअरच्या प्लगला लावतो, सकाळी गाडी तयार. आठवड्यातून दोनतीनदाच लागतं.

चालवायला गाडी मजेची आहे. १७० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, पहिल्या क्षणापासून हाती असतो, मानपाड्याच्या सिग्नलवर मागचे हॉर्न वाजवायच्या आत आपण पुढे. गायमुखच्या चढावर इंजिनाची ओरड नाही. खड्ड्यांचं म्हणाल तर १७२ मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या पोटाची रस्त्यापासूनची उंची) बहुतेकदा पुरतो, सस्पेन्शन मऊ आहे. बॅटरी आणि मोटर आयपी६७ दर्जाची, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारी, पण याचा अर्थ विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली तुंबलेल्या पाण्यात गाडी घालावी असा नाही. पाणी बंपरला लागेल असं दिसलं की मी कोपरीकडून वळतो, मुलुंड-ऐरोलीने जातो. तिथल्या नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल २०२४ च्या ऑक्टोबरपासून नाहीच.

सुरक्षेचं थोडक्यात: २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या क्रॅश चाचणीत पाचपैकी चार तारे, एअरबॅग दोनच. आज घेणाऱ्याला हे कमी वाटेल आणि वाटायलाच हवं.

बॅटरी-मोटरची वॉरंटी आठ वर्षं किंवा १,६०,००० किमी. तेवढी वर्षं तरी ठेवायचा विचार आहे, कारण जुन्या ईव्हीला भाव काय मिळेल याचा नेम नाही. गावची फेरी मात्र पुढच्या वर्षी मेहुण्याच्या सीएनजीने.