शाळेच्या संगणक क्लबसाठी कोणती साइट घ्यावी: फेट, स्क्रॅच, स्पोकन ट्युटोरियल की गूगल अर्थ?

विदर्भातल्या गावच्या शाळेत पाच-सहा कॉम्प्युटर, नेट म्हणजे सरांच्या मोबाइलचा हॉटस्पॉट आणि लाईन कधी जाईल याचा नेम नाही. त्यामुळे साइट निवडताना आधी हे बघा: नेट तुटलं तर तिचं काय होतं? चारही साइट फुकट आहेत, फरक पडतो तो इथेच.

या कसोटीवर फेट सगळ्यांत पुढे. कोलोरॅडो विद्यापीठाचा हा विज्ञान-गणिताच्या प्रयोगांचा प्रकल्प भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वायमन यांनी २००२ साली सुरू केला. प्रयोगाच्या पानावर डाउनलोडचं बटण असतं आणि मिळते ती काही एमबीची एकच फाइल. ती घरी उतरवून पेनड्राइव्हवर आणा, प्रत्येक मशीनवर कॉपी करून ब्राउझरमध्ये उघडा. मग नेट लागत नाही. बऱ्याच प्रयोगांचं मराठी भाषांतर झालं आहे, पण मराठीची फाइल वेगळी असते, म्हणून उतरवण्याआधी भाषा निवडा. सुरुवात बॅटरी-बल्बच्या सर्किटपासून करा. बल्ब न लावता वायर थेट बॅटरीच्या दोन टोकांना जोडली की पडद्यावर आग भडकते. डीपीवरचा फ्यूज का उडतो हे पोरांना तिथल्या तिथे कळतं. पण घरच्या बोर्डावर असलं काही करायचं नाही, हे त्याच तासाला बजावून सांगा.

स्क्रॅचमध्ये मात्र मुलं स्वतः काहीतरी घडवतात, म्हणून क्लब वर्षभर टिकवायचा असेल तर आमची पसंती त्यालाच. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने २००७ मध्ये आणलेल्या या साइटवर आज्ञांचे ठोकळे जोडून गेम आणि गोष्टी बनवता येतात. ऑफलाइन ॲप आहे, पण त्याला विंडोज १० लागतं. जुन्या मशीनवर ब्राउझरमधूनच चालवावं लागतं आणि तिथे नेट हवं. खातं काढलंच पाहिजे असं नाही. फाइल मेनूतून काम कॉम्प्युटरवर सेव्ह करता येतं. दर दहा मिनिटांनी सेव्ह करायची सवय लावा, कारण यूपीएस नसेल तर लाईन जाताच सगळं जातं.

स्क्रॅच उघडलं की पडद्यावर एक मांजर असते, तिला ठोकळ्यांनी हलवायचं. त्यात दोन चुका प्रत्येक नव्या क्लबमध्ये होतात. पहिली: सुरू करायचा हिरवा झेंडा दाबला की मांजर दहा पावलं सरकून थांबते. चालण्याचा ठोकळा ‘सतत’ (forever) या ठोकळ्याच्या आत टाकलेला नसतो. दुसरी: काठाला आपटून परत फिरताना मांजर उलटी होते, पाय वर! तिची फिरण्याची पद्धत ‘डावी-उजवी’ केली की सरळ राहते. हे उत्तर लगेच सांगू नका, पाच मिनिटं शोधू द्या.

स्पोकन ट्युटोरियल हा आयआयटी मुंबईचा प्रकल्प. लिब्रेऑफिस, लिनक्स यांसारख्या मोफत सॉफ्टवेअरचे साधारण दहा मिनिटांचे धडे, आवाज मराठीत. अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ, अर्ध्यावर सॉफ्टवेअर. थांबवत थांबवत तेच करत जायचं. व्हिडिओ आधी उतरवून ठेवा. एका हॉटस्पॉटवर सहा मशीननी एकदम लावला तर सगळीकडे गोल चक्र फिरत बसतं. आठवी-नववीला हे जमतं, पाचवीची मुलं कंटाळतात. शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमला कॉम्प्युटरची फार सवय नसेल, तर मात्र इथूनच सुरुवात करावी.

उपग्रहाच्या चित्रांतून पृथ्वी वरून दाखवणारी गूगल अर्थ मजेत पहिली, पण डेटा खाण्यातही पहिली. लोणारचं जवळपास १.८ किलोमीटर रुंदीचं विवर वरून बघताना मुलं खुर्ची सोडून उभी राहतात. जुन्या ग्राफिक्सवर मात्र ती रखडते, म्हणून एकच चांगलं मशीन प्रोजेक्टरला जोडा आणि सगळ्यांना एकत्र दाखवा. रोजच्या तासाला ती घेऊ नका. त्यापेक्षा हलका विरंगुळा हवा असेल तर गूगलचाच ‘क्विक, ड्रॉ’ हा खेळ आहे: वीस सेकंदांत चित्र काढायचं आणि कॉम्प्युटरने ते ओळखायचं. चित्रं गूगलकडे साठवली जातात, म्हणून मुलांना त्यात नाव लिहू देऊ नका.

एकही साइट उघडत नसेल आणि ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असं येत असेल, तर नेटला दोष देण्याआधी कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सेल उतरला की मशीन बंद करून चालू केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि ब्राउझर साइटचं प्रमाणपत्र नाकारतो. तारीख दुरुस्त करा आणि सीआर२०३२ सेल बदला; घड्याळाच्या दुकानात मिळतो.