पसायदानाचे अनुस्वार: रत्नागिरीतल्या एका छापखान्याचा अनुभव

श्रावणात आमच्या घरी ज्ञानेश्वरीचं पारायण होतं. बाजारपेठेतल्या एका छापखान्यात दोनशे पत्रिका छापायला टाकल्या. कच्चं प्रूफ हातात आलं आणि जीव कासावीस झाला. वरच्या ओळीत ‘आता विश्वात्मके देवे’! तिन्ही शब्दांवरचे अनुस्वार गायब. टाइप करणारी मुलगी म्हणाली, “काकी, आता अनुस्वार देत नाहीत, नियम आहे.”

शुद्धलेखनाचा नियम खरा, १९६२चा. पण केशवसुतांच्या आधीची कविता मुळाबरहुकूम छापावी, हेही शुद्धलेखनाच्या नियमांतच आहे. ज्ञानेश्वरी तर शके १२१२ची! दुसऱ्या दिवशी घरची पोथीच घेऊन गेले. पोरीनं अक्षर अन् अक्षर ताडून ‘आतां विश्वात्मकें देवें’ केलं. ‘पुस्तकाचे वाचन’ होतं तिथे ‘ग्रंथाचे पारायण’ घातलं. भाच्यासाठी इंग्रजी मजकूर होता, त्यात गीतेचा जी लहान लिपीतला. ग्रंथाचं नाव हे विशेषनाम, तिथे कॅपिटलच हवं. तेही तिनं न कुरकुरता बदललं.

कागद पातळ आहे, पत्रिका दोन दिवस उशिरा मिळाल्या. तरी पोथी-पत्रिकेचं काम मी तिथेच देणार, प्रूफ मात्र स्वतः वाचून.