वर्गणी की कागदपत्रांची सोबत?

आत्महत्येने गेलेल्या पोलीस सहकाऱ्याच्या कुटुंबासाठी वर्गणी काढावी की कागदपत्रांची जबाबदारी घ्यावी, असे ठाण्याच्या पोलीस वसाहतीतील एका मित्राने विचारले. वर्गणीला श्रम कमी आणि पैसा लगेच हाती येतो, पण तो लवकर संपतो. कागदपत्रांसाठी सोबत करायला खर्च जवळजवळ नाही. मात्र कुटुंब निवृत्तिवेतन, उपदान (ग्रॅच्युइटी) आणि अनुकंपा नियुक्तीचा, म्हणजे वारसाला नोकरी मिळण्याचा, अर्ज यांसाठी महिनोन्महिने खेटे घालावे लागतात, शिवाय अपघात विमा आत्महत्येला सहसा लागू होत नाही, हे वहिनींना, म्हणजे सहकाऱ्याच्या पत्नीला, कोणीतरी हळुवारपणे सांगायला हवे. ‘असे का केले’ हे मात्र कोणीही विचारू नये. शाळेची फी किंवा कर्जाचा हप्ता थकला असेल तर आधी वर्गणी. एरवी कागदपत्रांची सोबत अधिक मोलाची, आणि घरात कोणी खचले असेल तर शेजारी बसून टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावून द्यावा.