स्मरणशक्ती तपासणी शिबिर: साडेतीन तारे

आमच्या तालुक्याच्या शिबिराला पाचपैकी साडेतीन. कापलेले दीड तारे कर्ण्याचे आणि पेन्सिलचे. सिस्टरचा एकही नाही.

सिस्टरनं मायला तारीख विचारलीच नाही. "माय, पोळा झाला का व्हायचा हाय? वावरात सध्या काय चालू हाय?" मग बैल, तांब्या, विळा हे शब्द सांगितले, इकडचंतिकडचं बोलली आणि पुन्हा विचारले. मायला फक्त विळा आठवला.

मला बाजूला घेऊन विचारलेले प्रश्न जास्त नेमके होते. बाजारात पैशाचा हिशेब चुकते का? वावराच्या वाटेवर गोंधळते का? हे कधीपासून? चष्मा कुठं ठेवला ते विसरणं वेगळं आणि जन्मभर केलेलं काम अडणं वेगळं. म्हणून सोबत घरातलंच माणूस न्या. पुण्याहून सुटीवर आलेल्या लेकाला यातलं काय सांगता येणार? चालू गोळ्यांची पाकिटंही न्या, कारण झोपेच्या आणि अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्यांनीही विसरायला होतं.

बी-१२ जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासायला रक्त घेतलं, कारण त्यात बिघाड असला तरी विसरणं वाढतं आणि ते उपचारानं सुधारू शकतं. मायचं बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं चालू आहेत. स्मृतिभ्रंश आहे की नाही हे डॉक्टरांनी लगेच ठरवून टाकलं नाही, ते मला पटलं.

आता तक्रार. शेजारच्या मंडपात भाषणं, वर कर्णा. ज्याला शब्द ऐकूच आला नाही, त्याला आठवणार काय? आणि जिनं उभ्या जन्मात पेन्सिल धरली नाही, त्या आजीला घड्याळाचं चित्र काढायला लावलं!

फलकावर लिहिलं होतं, '४५ टक्के स्मृतिभ्रंश टाळता येतो'. आकडा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाचा आहे, पण गोष्ट अर्धीच सांगितलेली. बहिरेपण, बीपी, शुगर, बिडी, एकटेपणा अशी १४ कारणं सगळ्या समाजातून गेली, तर तेवढे रुग्ण टळतील किंवा आजार लांबेल, असा तो अंदाज आहे. एकट्या माणसाला त्यात हमी नाही. फलकाखाली दोन बुढे निवांत बिडी ओढत होते, ते सोडा.

गेटबाहेर 'मेंदूची पावडर' विकणाऱ्यापुढं आतल्यापेक्षा मोठी रांग होती. त्याच्याकडे रक्त तपासत नाहीत.

पुढच्या तपासणीला सिस्टरनं सकाळी लवकर बोलावलंय, मंडपवाले उठायच्या आत.