तिव्होली, कोपनहेगन : पाळण्यांपलीकडचे उद्यान

कोपनहेगनच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकासमोर रस्त्यापलीकडेच असलेले तिव्होली हे केवळ पाळण्यांचे उद्यान समजून जाणाऱ्यांची थोडी निराशा होईल, कारण याहून मोठे आणि अंगावर काटा आणणारे पाळणे युरोपात इतरत्र पुष्कळ आहेत. १८४३ साली गेऑर्ग कार्स्टेन्सेन यांनी शहराच्या जुन्या तटबंदीच्या जागेवर हे उद्यान सुरू केले. आतले तळे म्हणजे त्या तटाच्या खंदकाचाच उरलेला भाग आहे, आणि त्याच्या काठाने सावकाश फिरणे हा माझ्या मते इथला पहिला आनंद.

दुसरा आनंद मूकनाट्यगृहाचा. १८७४ साली बांधलेल्या या रंगमंचाचा पडदा म्हणजे एक मोर असून, त्याचा फुललेला पिसारा मिटला की नाटक सुरू होते. प्रेक्षक समोर उघड्यावरच उभे असतात. पिएरो, हार्लेकिन आणि कोलंबिना ही इटालियन परंपरेतील पात्रे शब्दावाचून गोष्ट सांगतात, त्यामुळे डॅनिश भाषेचा गंधही नसलेल्या आपल्यासारख्या पाहुण्याचे काहीच अडत नाही. हा प्रयोग प्रवेशाच्या तिकिटातच पाहता येतो आणि तो चुकवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

पाळण्यांचे पैसे मात्र वेगळे पडतात. प्रवेश आणि पाळणे मिळून चौघांच्या कुटुंबाचा खर्च बराच होतो, म्हणून लहान मुले बरोबर नसतील तर दिवसभराचा पास न घेता एकाच गोष्टीचे तिकीट काढावे : १९१४ सालच्या लाकडी रुत्शेबानेनचे, म्हणजे चढउतारांच्या रुळांवरून धावणाऱ्या रोलर कोस्टरचे. या गाडीत आजही ब्रेक लावणारा माणूस प्रवाशांबरोबर बसतो आणि उतारावरचा वेग स्वतःच्या हाताने आवरतो. यंत्राऐवजी माणसाच्या कौशल्यावर सोपवलेला हा प्रवास शंभर वर्षांनंतरही जपला गेला आहे, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

वेळेची निवड महत्त्वाची आहे. तिव्होलीची दिव्यांची आरास प्रसिद्ध असली, तरी जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळत असल्याने ती पाहण्यासाठी फार थांबावे लागते. ऑगस्टच्या उत्तरार्धात अंधार लवकर पडतो आणि हवाही बहुधा सुखद असते. आतली उपाहारगृहे महाग आहेत, पण घरचा डबा नेण्यास मनाई नाही. डॅनिश कुटुंबेही बाकांवर बसून आपापली शिदोरी सोडतात, तेव्हा आपणही निःसंकोचपणे तसेच करावे.